पंच आणि प्रेक्षक

दिवाळीच्या अंकासाठी मी पोलिसांविषयी लिहायला बसलो आहे हे कळताच घरात कुरबूर झाली. "सणासुदीला लोक काही गोड वाचायला मागतात, आणि तुम्ही निघालात चौकीत!" हे आमच्या मंडळींचे मत. ते चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. पण माझाही इलाज नाही. माझे लहानपण कोल्हापूरकडच्या एका तालुक्याच्या गावी, पोलीस लाइनीतल्या दोन खोल्यांत गेले. वडील हवालदार होते. आम्ही भावंडे त्यांना आबा म्हणत असू. दिवाळी म्हटली की उटण्याच्या वासाबरोबर मला पट्ट्याच्या पॉलिशचा वासही आठवतो. कारण नरकचतुर्दशीच्या पहाटे आम्ही कुडकुडत पाटावर बसलेलो असू, त्याच वेळी आबा रात्रीची गस्त संपवून घरी येत, आणि आई त्यांचा पट्टा खुंटीला लावून मगच त्यांच्यासाठी पाणी काढी.

गस्त ही गोष्ट आम्हांला अशी घरची. म्हणूनच १९९४ साली मी पहिल्यांदा अमेरिकेत धाकट्या भावाकडे गेलो, तेव्हा तिथल्या एका शनिवारच्या रात्रीने मला चकित केले. आठ वाजले, पुतण्यांनी टेलिव्हिजन लावला, आणि पडद्यावर पोलिसांची गस्त सुरू झाली! कथा नाही, नट नाही, निवेदक नाही. जमैकातल्या एका वाद्यवृंदाचे ठेकेबाज गाणे झाले, पाठोपाठ एका गंभीर आवाजाने बजावले की, यात दिसणारे सर्व संशयित न्यायालयात दोष शाबीत होईपर्यंत निर्दोष समजावेत. आणि लगेच एक शिपाई मोटार हाकता हाकता शेजारच्या कॅमेऱ्याशी गप्पा मारू लागला. बिनतारी यंत्र खरखरले. मोटार वळली. एक उघडाबंब माणूस कुंपणावरून उडी टाकून पळाला, शिपाई त्याच्यामागे, आणि कॅमेरा धापा टाकीत दोघांच्यामागे! शेवटी तो माणूस गवतावर पालथा पडला, हातांत बेड्या पडल्या, आणि दाराच्या चौकटीत उभी राहून त्याची बायको रडू लागली. पुतणे पिझ्झा खात हसत होते. कार्यक्रमाचे नाव 'कॉप्स'. "काका, हे सगळे खरे आहे बरे का!" धाकटा मला समजावून सांगत होता.

खरे होते, म्हणूनच मला हसू येईना. मला आमच्या गावचे शिंपी मास्तर आठवले. त्यांची हकीकत मी पुढे सांगणार आहे. परंतु त्याआधी या नवलाच्या खेळाची वंशावळ पाहिली पाहिजे, कारण ती मोठी मनोरंजक आहे.

या घराण्याचा मूळ पुरुष टेलिव्हिजन नव्हे, रेडिओ. १९४९ साली अमेरिकेच्या रेडिओवर जॅक वेब या नटाने 'ड्रॅगनेट' नावाची श्रुतिकामाला सुरू केली. लॉस एंजेलिसच्या पोलिसांच्या दप्तरातली खरी प्रकरणे घ्यायची, माणसांची नावे तेवढी बदलायची आणि नटांकडून ती वठवायची, अशी तिची तऱ्हा. लोकांना ती इतकी आवडली की पुढे ती टेलिव्हिजनवरही आली. पण कितीही झाले तरी तो अभिनय. त्यापुढची पायरी १९५४ साली गाठली गेली. कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटी नावाच्या लहानशा शहरात एक वार्ताहर ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन पोलिसांच्या मोटारीत बसू लागला, आणि रात्री घडेल ते, बोलले जाईल ते, जसेच्या तसे मुद्रित करू लागला. 'नाइट वॉच' नावाने हे कार्यक्रम सी. बी. एस. रेडिओवर वर्षभर झाले. घरात अंगाईची वेळ आणि रेडिओवर खऱ्या माणसांचे खरे रडणे, असा हा पहिला योग.

पुढे हा विषय व्यापाऱ्यांच्या हातून काही काळ अभ्यासकांच्या हाती गेला. १९६८ सालच्या ऑगस्टमध्ये शिकागो शहरात निदर्शकांवर पोलिसांनी केलेली मारहाण साऱ्या अमेरिकेने पडद्यावर पाहिली होती. फ्रेडरिक वाइजमन नावाचा एक माहितीपटकार त्या संतापाच्या भरातच कॅन्सस सिटीला गेला. पोलिसांचे पितळ उघडे पाडावे, हा हेतू त्याने कधी लपविला नाही. पण त्यांच्या मोटारीत बसून हिंडल्यावर त्याला दिसले की, हरवलेल्या पोराला कडेवर घेणारा हात आणि बाईचा गळा दाबणारा हात एकाच गणवेशातून बाहेर येतो. त्याने दोन्ही दाखवले. 'लॉ अँड ऑर्डर' हा त्याचा चित्रपट १९६९ साली प्रक्षेपित झाला. अॅलन आणि सुसान रेमंड या जोडप्याने १९७६ साली न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स भागात सुमारे तीन महिने पोलिसांबरोबर रात्री काढल्या. त्या वेळी हातात धरता येईल असा व्हिडिओ कॅमेरा नुकताच निघाला होता आणि त्याला दिव्यांचा लखलखाट लागत नसे. त्यांचा 'द पोलीस टेप्स' १९७७ साली लोकांपुढे आला.

इंग्लंडची गोष्ट मात्र सर्वांत मोलाची. रॉजर ग्रेफ याने थेम्स व्हॅली पोलिसांचे बी. बी. सी.साठी चित्रण केले. १९८२ सालच्या जानेवारीत त्याचा एक भाग दाखवला गेला. त्यात अत्याचाराची तक्रार घेऊन आलेल्या एका स्त्रीला तीन पुरुष अधिकारी दरडावून, खोटे पाडून हैराण करतात असे दिसले. तिचा चेहरा दाखवला नव्हता; अधिकाऱ्यांचे मात्र दिसत होते. देशभर गहजब झाला. वर्तमानपत्रे उठली, पार्लमेंटात प्रश्न निघाले, आणि अशा तक्रारदार स्त्रियांशी कसे वागावे याविषयी सरकारने पुढच्याच वर्षी पोलिसांना नव्या सूचना दिल्या. एका कॅमेऱ्याने हे केले. तो पोलिसांबरोबर होता, पण पोलिसांच्या ताब्यात नव्हता. वाचकांनी हा फरक ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता 'कॉप्स'. जॉन लँगली आणि माल्कम बार्बर या दोघांनी ही कल्पना दारोदार फिरवली होती. कुणी दारात उभे करीत नव्हते. नट नाहीत, गोष्ट नाही, निवेदन नाही, असला कार्यक्रम पाहणार कोण? पण १९८८ सालच्या मार्चमध्ये हॉलीवुडच्या लेखकांनी संप पुकारला, आणि तो पाच महिने चालला. फॉक्स ही वाहिनी तेव्हा जेमतेम दीड वर्षाची, तिजोरी बेताची. तिला लेखकाशिवाय होणारे काहीतरी हवेच होते. लेखणी थांबली म्हणून बेड्यांचे नशीब उघडले, असे म्हणायला हरकत नाही! ११ मार्च १९८९ रोजी फ्लोरिडातल्या ब्राउअर्ड परगण्याच्या पोलिसांपासून ही मालिका सुरू झाली. शेरीफ निक नवारो हे स्वतः प्रसिद्धीचे भोक्ते. त्यांनी दार सताड उघडले. खर्च किती? एक कॅमेरावाला, एक ध्वनिमुद्रक आणि पोलिसांच्या मोटारीतली मागची बैठक. नायक, खलनायक, मोटारी, पाठलाग, सारे सरकारी खर्चाने.

या उदारपणाचा मोबदला होता. प्रक्षेपणापूर्वी चित्रण पाहण्याचा आणि नको ते काढून टाकायला सांगण्याचा अधिकार पोलीस खात्याला असे. ग्रेफच्या कॅमेऱ्याहून हा कॅमेरा नेमका इथे निराळा. निर्माते म्हणत की, आम्ही काही रचीत नाही, घडते ते दाखवतो. ते खोटे नव्हते. परंतु फुले खरी असली तरी माळ कोणती ओवायची हे माळी ठरवतो. आबांच्या गस्तीच्या तीस रात्रींपैकी अठ्ठावीस रात्री काय घडत असे? बाजारपेठेतल्या दुकानांची कुलुपे ओढून पाहायची, एस. टी. स्टँडवर निजलेल्या माणसाला "कुठला रे तू?" म्हणून विचारायचे, आणि कुत्री अंगावर आली की काठी आपटायची. हे दाखवले असते तर प्रेक्षक पहिल्या कुलुपालाच झोपी गेले असते. म्हणून तासांच्या तासांतून सात-आठ मिनिटे उचलायची, तीही पळापळीची. मेरी बेथ ऑलिव्हर या संशोधक बाईंनी १९९४ साली अशा कार्यक्रमांचा हिशोब मांडला. सरकारी आकड्यांशी ताडून पाहता पडद्यावर मारामारीचे गुन्हे कितीतरी अधिक निघाले, आणि गुन्हेगार सापडण्याचे प्रमाणही तसेच फुगलेले निघाले. शिवाय गोरे लोक बहुधा पोलिसांच्या बाजूला आणि काळे व स्पॅनिशभाषी बहुधा बेड्यांच्या बाजूला दिसत. खऱ्याचे तुकडे जोडून खोटे कसे करता येते, त्याचा हा नमुना.

इथे मी माझ्या शिंपी मास्तरांकडे वळतो.

मी तेव्हा नऊ वर्षांचा असेन. वसुबारस दोन दिवसांवर आली होती. आमच्या लाइनीतल्या सगळ्या पोरांचे सदरे मास्तरांकडे शिवायला पडले होते. अशात एका कापडवाल्याने चौकीवर वर्दी दिली की, भारी कापडाचा एक तागा नाहीसा झाला आहे आणि आपला संशय शिंप्यावर आहे. पहाटेच मास्तरांना आणायचे काम आबांकडे आले. मी हट्टाने मागोमाग गेलो, म्हणून हे मला डोळ्यांनी पाहायला मिळाले. आम्ही पोचेतो बातमी पुढे गेली होती. दारात वीस-पंचवीस माणसे गोळा झाली होती. मास्तर बनियनवर बाहेर आले आणि गर्दी पाहून थिजले. आबा गर्दीकडे वळून म्हणाले, "इथे काय लाडू वाटायचे आहेत? जा आपापल्या घरी!" मग त्यांनी शेजारच्या शाळामास्तरांना आणि कोपऱ्यावरच्या तेल्याला पंच म्हणून बोलावून आत नेले आणि दार लोटून घेतले. झडती झाली. पंचनामा लिहिला गेला: घरात तागा मिळून आला नाही. दोघांनी सह्या केल्या. आबा म्हणाले, "मास्तर, सदरा घाला, चहा घ्या, आणि माझ्याबरोबर चौकीपर्यंत चला. साहेबांनी बोलावले आहे." बेडी घातली नाही. मागच्या बोळाने दोघे असे बोलत गेले की, बघणाऱ्याला वाटावे मापे द्यायला निघालेत.

चौथ्या दिवशी तागा सापडला. कापडवाल्याच्याच वखारीत, दुसऱ्या गठ्ठ्याखाली. मास्तर सुटून आले, रात्रभर कंदिलाच्या उजेडात मशीन चालवत बसले, आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे आमचे सदरे घरपोच झाले. गावाने पुढेही त्यांच्याकडे कपडे टाकले. त्यांचे चौकीत जाणे फार थोड्यांनी पाहिले होते, म्हणून त्यांचे परत येणे पुरेसे झाले.

त्या शनिवारी अमेरिकेत मी मनाशी म्हटले की, त्या पहाटे आबांच्या मागे कॅमेरा असता तर? बनियनवर थिजलेले मास्तर देशभर दिसले असते. वखारीतला तागा मात्र कुणी दाखवला नसता. निर्दोष समजावे, हे सुरुवातीला एकदा सांगायचे आणि मग अर्धा तास माणूस गवतावर पालथा पाडायचा! डोळ्यांनी पाहिलेले कानांनी ऐकलेल्याला कधी जुमानत नाही.

परंतु हकीकत एवढीच असती तर हा लेख लिहिणे सोपे झाले असते. आबा वारल्यावर आईने मला उरलेला भाग सांगितला. चौकीतल्या त्या पहिल्या रात्री कोणीतरी मास्तरांना कबुलीसाठी मारले होते. त्यानंतर त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येई. मला वाटे, मशीनच्या खडखडाटाने झाले असेल! आबांना ते ठाऊक होते. ते बोलले नाहीत. नोकरी होती, पाच पोरे होती. पुढे प्रत्येक दिवाळीला ते फराळाचे ताट स्वतः मास्तरांच्या घरी नेऊन देत, एवढेच. रस्त्यावर डोळे नको होते तिथे आबांनी ते मिटायला लावले. कोठडीत डोळे हवे होते तिथे ते नव्हते. या सगळ्या इतिहासाकडे मी आज पाहतो तो या दोन गोष्टी एकत्र धरून.

अमेरिकेच्या न्यायालयालाही एकदा हा उंबरठ्याचा प्रश्न सोडवावा लागला. १९९२ सालच्या एप्रिलमध्ये एका पहाटे सरकारी अधिकारी मेरीलँडमधल्या एका घरात आरोपीला शोधायला शिरले, आणि त्यांच्याबरोबर वृत्तपत्राचा वार्ताहर आणि छायाचित्रकारही शिरले. आरोपी तिथे नव्हताच. झोपेतून उठलेले त्याचे आईबाप अंगावरच्या अपुऱ्या कपड्यांनिशी सापडले. 'विल्सन विरुद्ध लेन' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली निकाल दिला की, पोलिसांना वॉरंट असले तरी त्यांच्यामागून बातमीदाराला घरात आणणे हा घटनेचा भंग आहे. सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी इंग्लंडातल्या १६०४ सालच्या निवाड्याचा दाखला दिला: माणसाचे घर हा त्याचा किल्ला. आम्हां किल्ल्यांच्या मुलखातल्या लोकांना हे लगेच पटावे. गंमत अशी की, त्या पहाटेची छायाचित्रे कधी छापलीच गेली नव्हती. छापणे दूरच, नुसते घरात शिरणेच न्यायालयाला गैर वाटले.

त्या निकालाने सारे थांबले नाही. २०१० साली डेट्रॉइटमध्ये पोलिसांनी रात्री एका घरावर छापा घातला. बरोबर टेलिव्हिजनचे चित्रण चालू होते. त्या छाप्यात पोलिसाची गोळी लागून सात वर्षांची एक मुलगी मेली. महापौरांनी त्यानंतर अशा चित्रणाला बंदी केली. २०१४ साली ओमाहा शहरात 'कॉप्स'चाच एक ध्वनिमुद्रक दरोडेखोराबरोबरच्या चकमकीत पोलिसांच्या गोळीने ठार झाला. दरोडेखोराच्या हातातले पिस्तूल छर्ऱ्यांचे होते. २०१६ साली तर 'लाइव्ह पी. डी.' नावाचा कार्यक्रम निघाला. त्यात अनेक शहरांतल्या गस्ती, थोड्या विलंबाने का होईना, थेट दिसू लागल्या. २०१९ सालच्या मार्चमध्ये टेक्सासमध्ये मोटारीचे दिवे मंद केले नाहीत एवढ्या कारणावरून एका कृष्णवर्णीय माणसाचा पाठलाग झाला. आपल्याला हृदयाचा विकार आहे, श्वास घेता येत नाही, असे तो सांगत होता. विजेचे झटके बसले आणि तो गेला. कार्यक्रमाचे कॅमेरे तिथे होते. पण ते चित्रण दाखवले गेले नाही, आणि जपूनही ठेवले गेले नाही. २०२० साली प्रकरण उजेडात आले. तोवर दाखवण्यासारखे काही उरले नव्हते. दोघा अधिकाऱ्यांवर खटला झाला, आणि २०२४ साली ते निर्दोष सुटले. म्हणजे एरवी माणसाची अप्रतिष्ठा करायला जो कॅमेरा हजर, तोच साक्षीची वेळ येताच गैरहजर!

२०२० सालच्या मे महिन्यात मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला. ते जगाला दाखवले रस्त्यावरून जाणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीने, हातातल्या फोनवर. पुढच्याच महिन्यात 'कॉप्स' आणि 'लाइव्ह पी. डी.' दोन्ही बंद झाले. टेक्सासने २०२१ साली पोलिसांना असे करार करायला कायद्यानेच मनाई केली. पण हौस मोठी चिवट असते. 'कॉप्स' त्याच वर्षी दुसऱ्या ठिकाणी पुन्हा सुरू झाले, आणि २०२२ साली थेट गस्तीचा कार्यक्रमही नव्या नावाने परतला.

आपल्याकडे काय? २००३ साली सुरू झालेल्या 'क्राइम पेट्रोल'सारख्या मालिकांत नट असतात. ते 'ड्रॅगनेट'चे नातलग. आरोपीला न्यायालयात नेताना त्याच्या तोंडावर काळा बुरखा घालायची आपली रीत आहे, ती मुख्यतः पुढच्या ओळखपरेडीसाठी. पण त्यात थोडी अब्रूही झाकली जाते. आपल्या पंचांची जागा मात्र मला सर्वांत विचार करण्याजोगी वाटते. शाळामास्तर आणि तेली त्या पहाटे घरात शिरले होतेच की! मग ते आणि गर्दी यांत फरक काय? पंच दोघेच असतात, गावातले असतात, पाहिले त्यावर सही करतात, आणि उद्या न्यायालयात उभे राहून त्याचा जाब देतात. प्रेक्षक लाखो असतात, आणि त्यांना कुणी काही विचारीत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी हुकूम केला की, देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीतसुद्धा, कॅमेरे बसवावेत आणि चित्रण निदान वर्षभर जपावे. ते पुरते झाले नाही म्हणून २०२५ साली न्यायालयाला हा विषय पुन्हा हाती घ्यावा लागला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घरझडतीचे चित्रण सक्तीचे केले आहे. पंचही आहेत, आणि ते चित्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे आहे. तिथे पुढे काय होते ते दिसेलच. पण दिशा मला आबांच्या पंचनाम्याची वाटते. कॅमेऱ्याला कायद्याने पंच केले आहे. त्याने पाहिलेले दिवाणखान्यात न जाता न्यायासनापुढे जायचे आहे. असा पंच त्या रात्री कोठडीच्या भिंतीवर असता, तर मास्तरांचा कान शाबूत राहिला असता.

माझे पुतणे आता चाळिशीपुढे गेले आहेत. मागे एकदा धाकट्याला मी मास्तरांची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला, आणि मग म्हणाला, "काका, त्या कार्यक्रमातल्या लोकांचे पुढे काय झाले, हे आम्ही कधी विचारलेच नाही."

या दिवाळीत आपल्या उंबरठ्यावर पणत्या लागतील. घरातले जगाला दिसावे म्हणून त्या कुणी लावीत नाही. येणाऱ्याला पायाखालचे दिसावे म्हणून लावतात. वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो.